दहावीच्या वयात सीनियर संघात! फुटबॉलमध्ये मुलांना वरच्या वयोगटात का खेळवतात?

९ जुलै २०२४. म्युनिकमध्ये युरो स्पर्धेची सेमीफायनल सुरू होती. स्पेनच्या लमिन यमालने लांबून मारलेला चेंडू पोस्टला लागून फ्रान्सच्या जाळ्यात गेला, तेव्हा त्याच्या १७ व्या वाढदिवसाला चार दिवस बाकी होते. युरोच्या इतिहासातला तो सर्वांत लहान वयाचा गोल करणारा खेळाडू ठरला. बार्सिलोनाच्या सीनियर संघाकडून तर तो १५ व्या वर्षीच मैदानात उतरला होता.

यमालसारखे फार थोडे. पण हुशार मुलाला मोठ्या मुलांमध्ये खेळवणं, म्हणजेच 'प्लेइंग अप', ही युरोपातल्या अकादमींमधली नेहमीची गोष्ट आहे.

कारण काय?

आठवीचा कुठलाही वर्ग डोळ्यांसमोर आणा. एकाला मिसरूड फुटलेलं असतं, तर दुसरा अजून पहिल्या बाकावरच असतो. जन्मवर्ष एकच, पण शरीराच्या वयात काही वर्षांचं अंतर. लवकर वाढलेला मुलगा नुसत्या वेगावर आणि ताकदीवर गोल करत सुटतो. त्याला पास द्यावा लागत नाही, मान वर करून बघावं लागत नाही. पुढे बाकीचे उंचीत त्याला गाठतात आणि त्याच्या हातात काहीच उरत नाही.

अशा मुलाला वर नेलं, की त्याला डोकं वापरावंच लागतं.

इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगने यासाठी 'बायो-बँडिंग' करून पाहिलं. म्हणजे गट जन्मतारखेवर नाही, तर शरीराच्या वाढीवर पाडायचे. एका स्पर्धेत ११ ते १४ वयाची अशी मुलं एकत्र खेळवली, ज्यांनी आपल्या अंदाजित अंतिम उंचीच्या ८५ ते ९० टक्के उंची गाठली होती. लवकर वाढलेल्या मुलांना सामना अवघड गेला, चेंडू पटकन सोडावा लागला. उशिरा वाढणाऱ्यांना मात्र पहिल्यांदाच पुढाकार घ्यायला मिळाला. खरं तर या दुसऱ्या गटाचा फायदा जास्त महत्त्वाचा आहे, कारण एरवी हीच मुलं निवड चाचणीत गळतात.

मग धोका कुठे आहे?

वाढीच्या वयात हाडांची टोकं अजून मऊ असतात. उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात गुडघा आणि टाचेची दुखणी वाढतात. अशा वेळी मुलगा स्वतःच्या गटाचेही सामने खेळतो आणि वरच्याही. शाळेचा संघ वेगळाच. मिनिटं कोण मोजतं?

मोठ्या क्लबांनाही हे जमतंच असं नाही. बार्सिलोनाचा पेद्री २०२०-२१ च्या मोसमात, युरो आणि ऑलिम्पिक धरून, ७० हून जास्त सामने खेळला. तेव्हा तो १८ वर्षांचा होता. पुढचे काही मोसम मांडीच्या दुखापतींनी त्याला सतावलं. त्याच क्लबचा अन्सू फाती १६ व्या वर्षी चमकला. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली, शस्त्रक्रियेवर शस्त्रक्रिया झाल्या. दुखापत लवकर वर नेल्यामुळेच झाली असं ठामपणे म्हणता येत नाही, पण प्रशिक्षकांना धास्ती वाटते ती याचीच.

उलट उदाहरण मार्टिन ओडेगार्डचं. १६ व्या वर्षी तो रियाल माद्रिदमध्ये गेला आणि तिथे अडकला. मग नेदरलँड्समध्ये आणि स्पेनच्याच रियाल सोसिएदादमध्ये लोनवर खेळत तो घडला. आज तो आर्सेनलचा कॅप्टन आहे.

भारतात असं झालंय?

हो, आणि अख्ख्या संघाचं! २०१७ च्या १७ वर्षांखालील वर्ल्ड कपनंतर त्या संघातल्या अनेक मुलांना 'इंडियन अॅरोज' म्हणून थेट आय-लीगमध्ये उतरवलं. पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला ३-० हरवलं आणि कोल्हापूरच्या अनिकेत जाधवने दोन गोल केले. मोसमाअखेर संघ तळाला राहिला. तरी लीगमधून बाहेर जायची भीती नव्हती, कारण त्यांना रेलीगेशनमधून सूट होती. हरूनही दर आठवड्याला मोठ्यांशी खेळायला मिळणं, हीच त्या प्रयोगाची खरी कमाई.

आपल्याकडे एक अडचण मात्र वेगळी आहे. खोट्या जन्मदाखल्यावर मोठी मुलं खालच्या गटात खेळतात. मग खऱ्या वयाचा १३ वर्षांचा मुलगा त्याच्या नकळत रोजच वरच्या वयोगटात खेळत असतो. वय लपवण्याचा प्रश्न जगभर आहे, म्हणून फिफा १७ वर्षांखालील वर्ल्ड कपसाठी मनगटाच्या एमआरआयची मदत घेते. गावोगावच्या शालेय स्पर्धांमध्ये मात्र दाखल्यावरची तारीखच चालते.