गाठीचे खरे कूळ

एखाद्या मुलाच्या गालावर, मानेवर किंवा दंडावर हरभऱ्याएवढी गाठ येते. बोटाला खड्यासारखी कठीण लागते. कुणी म्हणते चरबीची, कुणी म्हणते गंडमाळ. या फारशा न आढळणाऱ्या गाठीचे कूळ ओळखायला वैद्यकालाही ऐंशी वर्षे लागली, बरे का!

फ्रान्समध्ये १८८० साली मालेर्ब आणि शनांते यांनी तिचे वर्णन केले. गाठीत चुना साठलेला दिसला. कातडीला तेलकटपणा देणाऱ्या ग्रंथींतून ती उगवत असावी, असा त्यांनी तर्क केला. तो तर्कच गाठीचे नाव होऊन बसला.

पण सूक्ष्मदर्शक यंत्राखाली गोष्ट निराळी दिसे. गाठीच्या कडेला गडद, दाटीवाटीने बसलेल्या पेशी. आत मात्र फिकट पेशी, आणि त्यांच्या केंद्रकाची जागा रिकामी. म्हणून त्यांना छायापेशी म्हणतात. आता केस कसा घडतो? मुळाशी जिवंत पेशी वाढतात, वर सरकताना केंद्रक गमावतात आणि कडक होतात. गाठीतही तोच क्रम, फक्त केस काही तयार होत नाही. कणीस यावे, पण दाणा भरू नये, तसे हे!

१९४२ साली तुर्हान आणि क्राइनर यांनी केसाच्या मुळाकडे बोट दाखवले. १९६१ साली अमेरिकेत फोर्बिस आणि हेल्विग यांनी पुष्कळ गाठी तपासून तेच ठरवले आणि नवे नाव दिले, पायलोमॅट्रिक्सोमा, म्हणजे केस घडवणाऱ्या पेशींची गाठ. १९९९ साली तर अशा बऱ्याच गाठींत बीटा-कॅटेनिन या प्रथिनाच्या जनुकात बिघाड सापडला.

ही गाठ बहुधा निरुपद्रवी असते. मात्र तिचा कर्करोगी प्रकारही क्वचित आढळतो. त्याचे वर्णन १९८० साली झाले. दोन्ही वरून सारख्याच दिसू शकतात. तेव्हा नुसत्या बोटांवर भरवसा ठेवून कसे चालेल?

म्हणून गाठीला डाग देऊ नये, बिब्बा लावू नये, सुईने फोडू नये. डॉक्टरांना दाखवावी. त्यांनी ती काढली, तर तुकडा टाकून न देता तपासणीस पाठवायला सांगावे. गुरुजींनी वर्गात एखाद्या मुलाला अशी गाठ पाहिली, तर घरी एवढे जरूर कळवावे. गाठीचे कूळ त्या तुकड्यातच कळते.