स्किबरीनचे डॉक्टर डॅनियल डोनोव्हन

आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात, अगदी पश्चिमेकडे, स्किबरीन नावाचे बाजारपेठेचे छोटे गाव आहे. १८४५ साली सुरू झालेल्या आयरिश महादुष्काळाच्या इतिहासात या गावाचे नाव वारंवार येते. डॉ. डॅनियल डोनोव्हन हे या गावच्या धर्मादाय दवाखान्याचे व निराधारांच्या आश्रयगृहाचे डॉक्टर. लोक त्यांना 'डॉक्टर डॅन' म्हणत. १८४२ मध्ये उघडलेले ते आश्रयगृह ८०० जणांसाठी बांधलेले होते. दुष्काळात तेथे त्याहून कितीतरी अधिक माणसे आश्रयाला आली.

गोरगरिबांचे जवळजवळ सर्व अन्न म्हणजे बटाटा. करपा रोगाने १८४६ चे पीक बहुतेक पूर्ण बुडवले. सरकारने मदत म्हणून रस्त्यांची कामे काढली. परंतु मजुरी अपुरी होती आणि तीही वेळेवर मिळत नसे. २४ ऑक्टोबर १८४६ रोजी डेनिस मॅक्केनेडी नावाचा मजूर रस्त्याच्या कामावरच मरण पावला. त्याची मजुरी थकलेली होती. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांमध्ये डोनोव्हन होते. जठरात व लहान आतड्यात अन्नाचा अंश नव्हता. मोठ्या आतड्यात तेवढा कच्च्या कोबीचा न पचलेला भाग सापडला. उपासमारीने मृत्यू, असा निर्णय पंचांनी दिला व सार्वजनिक बांधकाम मंडळाच्या हलगर्जीपणावर ठपका ठेवला. 'ताप' किंवा 'अशक्तपणा' असे लिहून प्रकरण मिटवणे सोपे होते. येथे मात्र भुकेला भूक म्हटले गेले.

डोनोव्हन एवढ्यावर थांबले नाहीत. झोपड्यांत जे दिसे ते त्यांनी दवाखान्याच्या डॉक्टराची दैनंदिनी म्हणून कॉर्कच्या वृत्तपत्रातून प्रसिद्ध केले. १८४७ च्या आरंभी चित्रकार जेम्स माहनी स्किबरीनला आले, तेव्हा त्यांना वस्ती दाखवण्यास डोनोव्हन बरोबर गेले. माहनींची रेखाचित्रे त्या फेब्रुवारीत 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये छापली गेली आणि ब्रिटनमधील घराघरांत पोहोचली.

१८४८ मध्ये डब्लिनच्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी उपासमारीची लक्षणे नोंदवली. भुकेची वेदना प्रारंभी तीव्र असते. दिवसभरानंतर ती ओसरते व तिच्या जागी अशक्तपणा, थंड पाण्याची न भागणारी तहान आणि सर्वांगात गारठा येतो. चेहरा व हातपाय सुकतात, नजर विचित्र स्थिर होते, त्वचेवर तपकिरी मळकट थर चढतो. हे निरीक्षण केवळ पुस्तकी अभ्यासाने साधणारे नव्हे.

उपासमारीच्या पाठोपाठ उवांमधून पसरणारा टायफस आला. रोग्यांजवळ जाणाऱ्यांनाच तो प्रथम गाठी. शेजारच्या स्कल गावचे अँग्लिकन धर्मगुरू रॉबर्ट ट्रेल अन्नछत्र चालवता चालवता एप्रिल १८४७ मध्ये त्यानेच दगावले. त्या दिवसांत अनेकांनी भुकेल्यांची सेवा पंथ न पाहता केली, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते. पोप नववे पायस यांनी २५ मार्च १८४७ रोजी परिपत्रक काढून जगभरच्या कॅथलिकांना आयर्लंडसाठी प्रार्थना व दान करण्याचे आवाहन केले. आपल्या देशातून, कलकत्त्याहून, सुमारे १४ हजार पौंड गेले.

स्किबरीनजवळच्या ॲबीस्ट्रूरी दफनभूमीत दुष्काळात मरण पावलेल्या ८ ते १० हजार जणांना सामुदायिक खड्ड्यांत पुरले असे मानले जाते. बहुतेकांना शवपेटीही मिळाली नाही. डॉ. डोनोव्हन त्यानंतर सुमारे तीस वर्षे जगले. १८७६ मध्ये त्यांच्याच नावाच्या पुत्राने 'स्केचेस इन कारबरी' हा त्या प्रदेशाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी डॉक्टरांचे निधन झाले.