बंदूक, परवाना आणि तुळजापूर रोड

सरहद्द ओलांडून बदकांच्या शिकारीला जायचं म्हटलं की आपल्याला अमेरिका-कॅनडा आठवतं. पण १९४८ पर्यंत अशी सरहद्द सोलापूरच्या दारातच होती राव! तुळजापूर निजामाच्या राज्यात. तिथला कायदा वेगळा, नाणंसुद्धा वेगळं. अलीकडे इंग्रजांच्या काळातला एकरुख, म्हणजे आपला हिप्परगा तलाव. बांधला शेतीच्या पाण्यासाठी, पण हिवाळ्यात ताबा बदकांचा.

मग ही शिकार बंद कधी झाली? सगळे ठोकून सांगतात, १९७२. पण त्या वन्यजीव कायद्यातही लहान शिकारीचा परवाना होता! तो गेला १९९१ च्या दुरुस्तीने. म्हणजे आपले बाबा कॉलेजात असेपर्यंत परवाना काढून बदक मारायला कायद्यात जागा होती. आता सरहद्द ओलांडतात ते पट्टकदंब हंस. हिमालयावरून थेट उजनीला, बिनपरवाना...