पंचगंगेकाठचे पोलंड : १९४३ ते १९४८

परमुलखात एक मराठी माणूस दुसऱ्या मराठी माणसाला भेटला की चार वाक्यांच्या आत एक प्रश्न येतोच : "आपलं मूळ गाव कोणतं?" बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथे पाच-सात पिढ्या राहिलेली आपली घरेही या प्रश्नाचे उत्तर न अडखळता देतात. साताऱ्याकडचे एखादे खेडे, रत्नागिरीकडची एखादी वाडी, गोदावरीकाठचे एखादे गाव. तिथे आता आपले घर नसते. पुष्कळांनी ते गाव पाहिलेलेही नसते. तरी नाव सांगता येते, आणि मनात आणले तर कुलदैवताच्या निमित्ताने तिथे जाऊनही येता येते.

हे जाऊन येणे आपल्याला इतके साधे वाटते की त्याचा वेगळा विचार आपण करत नाही. आज ज्यांच्याविषयी बोलायचे आहे त्यांनाही आपल्या गावाचे नाव सांगता येत होते. त्या गावी जाण्याची वाट मात्र बंद होती, आणि शेवटी ते गावच दुसऱ्या देशात गेले. ही माणसे पोलंडची. १९४३ पासून १९४८ च्या सुरुवातीपर्यंत ती कोल्हापूरपासून चार-पाच मैलांवर, वळिवडे येथील छावणीत राहत होती. त्यांची संख्या सुमारे पाच हजार होती. त्यांत बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे होती.

कोल्हापूरच्या पाहुणचाराची कथा म्हणून वळिवड्याची हकीकत अलीकडे बरीच सांगितली जाते. ती खोटी नाही. पण त्या कथेत पाहुणा केवळ सुटका झालेला, सुखरूप पोचलेला असा दिसतो. सुखरूप जागी बसून, घरचे लोक मात्र आगीत आहेत हे ठाऊक असताना, त्या बायकांनी पाच वर्षे कशी काढली, ही गोष्ट मागे पडते. मला तीच सांगायची आहे.

ही माणसे इथवर कशी आली ते थोडक्यात पाहू. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून आत शिरल्या. देशाची वाटणी झाली. पूर्व भागातील जमीनदार, शेतकरी वसाहतवाले, जंगलखात्यातील नोकर, शिक्षक, पोलीस आणि लष्करी अधिकारी यांची कुटुंबे सोव्हिएत सत्तेला नकोशी होती. १० फेब्रुवारी १९४० च्या रात्रीपासून त्यांना घरातून उठवून मालगाड्यांत भरण्यास सुरुवात झाली. बांधाबांधीला बहुधा तास-अर्धा तास मिळे. कोणाला उत्तरेच्या जंगलांत लाकूडतोडीला नेले, कोणाला सायबेरियात, कोणाला कझाकस्तानच्या गवताळ माळावर. थंडीने, उपासमारीने आणि टायफसने पुष्कळ माणसे मेली.

जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला आणि फासे फिरले. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार आणि सोव्हिएत सरकार यांच्यात करार झाला. कैदेतील पोलिश नागरिकांना सोडायचे आणि त्यांच्यातून जनरल आंदेर्स यांच्या हाताखाली फौज उभी करायची, असे ठरले. पुढच्या वर्षी, १९४२ मध्ये, ही फौज आणि तिच्याबरोबर जमतील तेवढी कुटुंबे, मिळून एक लाखाहून अधिक माणसे, कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. पुरुष लष्करात गेले. बायकामुलांना कोठे ठेवायचे, हा प्रश्न उरला. काही मुलांना नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी काठेवाडात बालाचडी येथे आसरा दिला. आफ्रिकेत छावण्या उघडल्या. आणि सर्वांत मोठी भारतीय छावणी वळिवडे येथे बसली. इराणातून जहाजाने कराचीला यायचे, तेथील तात्पुरत्या छावणीत थांबायचे, मग रेल्वेने कोल्हापूर, असा बहुतेकांचा मार्ग होता.

पंचगंगेच्या परिसरात लांबच लांब बराकी उभ्या राहिल्या. एकेका कुटुंबाला एकेक गाळा मिळाला. शाळा, चर्च, दवाखाना, टपाल, नाटकाचा रंगमंच, मुलांची बालवीर पथके, सगळे होते. खर्च लंडनमधील पोलिश सरकारने उचलला होता. पोटाला अन्न होते आणि रात्री दार वाजण्याची भीती नव्हती. तीन वर्षांत पहिल्यांदाच बसून विचार करायला उसंत मिळाली. आणि विचार करायला लागले की माणूस घरच्यांची मोजदाद करू लागतो.

ती मोजदाद कशी होती, हे नीट समजून घेतले पाहिजे. वळिवड्यातल्या एखाद्या बाईची माणसे चार दिशांना असू शकत. म्हातारे आईवडील पोलंडात, जर्मनांच्या ताब्यातील गावी. दीर किंवा बहीण अजून सोव्हिएत मुलखातच, कारण फौजेबरोबर निघालेल्या शेवटच्या गाडीपर्यंत ती पोचली नाही. थोरला मुलगा आंदेर्सच्या फौजेत. आणि नवरा कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही.

या शेवटच्या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यायला हवे. १९३९ मध्ये सोव्हिएत फौजांच्या हाती हजारो पोलिश अधिकारी लागले होते. त्यांत पेशाने सैनिक होते तसेच राखीव दलातले डॉक्टर, वकील, शिक्षकही होते. त्यांची पत्रे घरी येत. १९४० च्या वसंतात ती एकाएकी थांबली. त्याच एप्रिलमध्ये त्यांच्या बायकामुलांना कझाकस्तानात नेले गेले. पत्रे का थांबली, याचे उत्तर १३ एप्रिल १९४३ रोजी बर्लिनच्या आकाशवाणीवरून आले : कातिनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांची सामुदायिक थडगी सापडली आहेत. सांगणारा जर्मनी, म्हणजे शत्रू. ज्याच्यावर आरोप तो रशिया, म्हणजे इंग्लंडचा दोस्त. रशियाने आरोप फेटाळला आणि चौकशीची मागणी करणाऱ्या पोलिश सरकाराशी त्याच महिन्यात संबंध तोडले. संबंध तुटल्यामुळे मागे राहिलेल्या नातेवाइकांची सुटकेची वाटही मिटली.

वळिवड्याची छावणी भरू लागली ती नेमकी याच वर्षी. ज्यांची पत्रे थांबली होती त्यांच्या बायकांनी यातले कोणाचे खरे मानायचे? नवऱ्याच्या नावाने मासबळी म्हणायचा, की त्याच्यासाठी लोकरी मोजे विणून ठेवायचे? त्या वसंतात सुमारे बावीस हजार पोलिश कैदी मारले गेले होते आणि ते सोव्हिएत पोलिसांनी मारले होते, हे मॉस्कोने मान्य केले १९९० मध्ये. छावणीतून गेलेल्या पुष्कळ बायका तोवर हयात नव्हत्या.

इथे आपल्या घरांशी असलेला एक धागा सांगतो. तो ओढूनताणून आणलेला नाही. आंदेर्सची दुसरी पोलिश कोअर १९४४ मध्ये इटलीत लढत होती. तिथेच, त्याच आठव्या ब्रिटिश फौजेत, भारतीय डिव्हिजनीही होत्या, आणि त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या. या रेजिमेंटचे केंद्र बेळगावला आहे, वळिवड्यापासून शंभरएक किलोमीटरवर. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, बेळगाव या टापूंतली किती घरे तेव्हा तिकडच्या टपालाची वाट पाहत असतील, याची कल्पना बेळगावकर वाचकांना सांगायला नको.

११ मे १९४४ च्या रात्री मोंते कॅसिनोवर शेवटचा मोठा हल्ला सुरू झाला. डोंगरावरच्या मठाकडे पोलिश सैनिक चढत होते आणि खाली गारी नदी ओलांडत होती आठवी भारतीय डिव्हिजन. पहिली पाचवी मराठा पलटण याच डिव्हिजनीतली. १८ मे रोजी मठाच्या अवशेषांवर पोलिश निशाण लागले. त्यासाठी नऊशेहून अधिक पोलिश सैनिक पडले. १० जुलैला वरच्या टायबर खोऱ्यात कुलाबा जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढच्या वर्षी ९ एप्रिलला सेनिओ नदीवर हल्ला झाला, तेव्हा पोलिश कोअर आणि आठवी भारतीय डिव्हिजन दोन्ही त्यात होत्या. नगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना पाण्यातून पाठीवर वाहून आणले ते याच दिवशी, याच नदीवर.

म्हणजे पंचगंगेच्या खोऱ्यात तेव्हा दोन भाषांतल्या आया एकाच रणभूमीवरच्या टपालाची वाट पाहत होत्या. एकीला पत्र स्वतः वाचता येत होते. दुसरी ते गावच्या मास्तरांकडून वाचून घेत असेल. तार म्हटले की दोघींच्या पोटात सारखाच गोळा येत असणार. त्या एकमेकींशी यावर बोलल्या असतील का, याचा पुरावा नाही. पण बाजाराच्या दिवशी त्या एकमेकींसमोरून गेल्या असतील, इतके म्हणायला हरकत नाही.

दोघींमध्ये फरकही होता. मराठा सैनिकाचे गाव सुरक्षित होते. लढाई संपली की त्याला कोठे परतायचे आहे हे ठाऊक होते. पोलिश सैनिक ज्या गावासाठी लढत होता ते गाव दोस्त राष्ट्रांच्या टेबलावर होते. १ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्सात जर्मनांविरुद्ध उठाव झाला. तो ६३ दिवस चालला आणि मोडला. दीड लाखाहून अधिक नागरिक मेले आणि उरलेले शहर जर्मनांनी घर ते घर उडवून दिले. वळिवड्यात हे वर्तमानपत्रांतून आणि आकाशवाणीवरून कळत होते. मुंबईहून निघणारे पोलिश नियतकालिकही होते. बातमी येई ती शहराची, रस्त्याची, मोहल्ल्याची. आपले माणूस त्या घरात होते की नाही, हे तिच्यात नसे. परदेशी राहून घरचे युद्ध ऐकणाऱ्याचे हे दुःख जुनेच आहे. पानिपतानंतर पुण्यातल्या घरांनीही कित्येक दिवस असेच काढले होते. फौज बुडाली हे कळले, आपला मनुष्य बुडाला की कोठे लपूनछपून येत आहे, हे कळायचे राहिले.

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे तीन मोठ्या राष्ट्रांचे पुढारी भेटले आणि पोलंडची पूर्व सरहद्द पश्चिमेकडे सरकली. ल्विव्ह आणि विल्नियस ही शहरे, त्यांच्या भोवतालची खेडी, सगळे सोव्हिएत संघात गेले. वळिवड्यातील बहुतेक माणसे याच मुलखातली. इटलीतील पोलिश सैनिकांपैकीही बहुतेक तिकडचेच, आणि ते अजून लढत होते. हा निर्णय कळल्यानंतर दोन महिन्यांनी त्यांनी सेनिओ ओलांडली आणि २१ एप्रिलला ते बोलोन्यात शिरले. युरोपातले युद्ध मे महिन्यात संपले. ५ जुलै १९४५ रोजी इंग्लंडने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. म्हणजे छावणीचा खर्च उचलणारे सरकार कागदोपत्री नाहीसे झाले.

आपल्याकडे लोक म्हणतात, लढाई संपली आणि पाहुणे घरी गेले. वळिवड्यात तसे झाले नाही. लढाई संपली आणि घरी जायचे उरलेच नाही. नव्या कम्युनिस्ट पोलंडात जायचे तर परक्या गावात, परक्या घरात जायचे. काही जण आप्तांच्या ओढीने गेले. बाकीचे आणखी अडीच वर्षे पंचगंगेकाठीच थांबले. १९४६ मध्ये बालाचडीची मुलेही तिथे आणली गेली. फौजेतील पुरुषांना १९४७ च्या कायद्याने इंग्लंडात वसण्याची मुभा मिळाली, तेव्हा त्यांची कुटुंबे तिकडे निघाली. कोणी ऑस्ट्रेलियात गेले. १९४८ च्या सुरुवातीला छावणी रिकामी झाली. जे निघू शकले नाहीत त्यांची थडगी कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत.

बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबे तिथे उतरली. त्या वस्तीला आज गांधीनगर म्हणतात आणि तिथली कापडाची बाजारपेठ सर्वांना ठाऊक आहे. एका सरहद्दीने गाव हिरावलेली माणसे गेली आणि दुसऱ्या सरहद्दीने गाव हिरावलेली माणसे त्याच छपराखाली आली. सिंधी कुटुंबांनाही मूळ गाव सांगता येते, शिकारपूर, लाडकाणा, सक्कर. जाता मात्र येत नाही.

वॉर्सात मोंते कॅसिनोच्या लढाईचे स्मारक आहे. त्याच्या शेजारी २०१७ पासून वळिवडे-कोल्हापूर छावणीची स्मरणशिला आहे. २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताच्या पंतप्रधानांनी दोन्ही ठिकाणी पुष्पचक्र वाहिले. तेव्हा आपल्याकडच्या बातम्यांत कोल्हापूरचे नाव ठळक होते आणि ते योग्यच होते. पण ही दोन नावे शेजारी का आहेत, हे फार थोड्यांनी सांगितले. एका ठिकाणी मुलगे लढत होते आणि दुसऱ्या ठिकाणी त्यांच्या आया थांबल्या होत्या, म्हणून ती शेजारी आहेत.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या शेजारी, इंदुरात, बडोद्यात, ग्वाल्हेरीत, सिंधी घरे आहेत. बेळगावच्या घरांत जुन्या पेट्यांच्या तळाशी युद्धावरून आलेली पत्रे असतील. काहींची मुले आज अशा देशांत नोकरीला आहेत की जिथल्या बातम्या ऐकताना आपण फोन हातातून खाली ठेवत नाही. पेटीतली पत्रे फेकू नका. त्यांच्यावरची तारीख आणि पलटणीचे नाव उतरवून ठेवा. आणि शेजारच्या वृद्धांना मूळ गाव विचाराल तेव्हा गावाच्या नावाशी थांबू नका. ते कसे सुटले आणि मागे कोण राहिले, हेही विचारा, आणि ते सांगत असतील तोवर बसून राहा.