दोन वर्षांचा तुरुंग

ब्रिटिश संसदेने 1776 साली एक कायदा केला, तोही फक्त दोन वर्षांपुरता. अडचण तातडीची होती. 1718 पासून इंग्लंड आपले कैदी अमेरिकेतल्या वसाहतींत पाठवत आलं होतं. सुमारे 50 हजार माणसं अशी समुद्रापार गेली, त्यातली बहुतेक मेरीलँड आणि व्हर्जिनियात मजुरीला. अमेरिकेत युद्ध पेटलं आणि ती वाट बंद झाली. न्यायालयं मात्र शिक्षा सुनावतच होती. देशातले तुरुंग लहान होते, नवे बांधायला सरकार तयार नव्हतं. तेव्हा ठरलं की अमेरिकेचं निश्चित होईपर्यंत कैद्यांना जुन्या जहाजांत ठेवायचं आणि थेम्स नदीतला गाळ उपसायला लावायचं.

कैदी अमेरिकेला पोहोचवण्याचा ठेका ज्याच्याकडे होता, त्या डंकन कॅम्पबेललाच हा नवा ठेका मिळाला. त्याची ‘जस्टिशिया’ आणि ‘सेन्सर’ ही जहाजं वुलिचजवळ नांगरली गेली. नावात न्याय असलेल्या त्या पहिल्या जहाजावर ऑगस्ट 1776 ते मार्च 1778 या काळात 632 कैदी आले आणि 176 मेले. म्हणजे चारांतल्या एकाहून जास्त. ज्यांना न्यायाधीशाने फाशी दिली नव्हती, अशी ही माणसं.

जहाजाचा तुरुंग करणं फार सोपं होतं. डोलकाठ्या आणि शिडं उतरवायची, तोफा काढायच्या, खिडक्यांना गज बसवायचे, डेकवर पहारेकऱ्यांसाठी खोपटी उभारायची. पायांत बेड्या घातलेले कैदी दिवसा किनाऱ्यावर कामाला जात. वुलिचच्या शस्त्रागारासाठी जमीन खणणं, खुंट ठोकणं, वाळू वाहणं हे सगळं त्यांच्याच अंगावर होतं. अंधार पडला की त्यांना खाली उतरवून झडपा बंद केल्या जात आणि मग सकाळपर्यंत पहारेकरी खाली पाऊल टाकत नसत. आत दुबळ्याचं काय होत असेल याची कल्पना करावी. जेवणात बैलाच्या गालाचं मांस, वाटाणे आणि बिस्किटं. तुरुंगांच्या सुधारणेसाठी आयुष्य वेचलेल्या जॉन हॉवर्डला ‘जस्टिशिया’वर दिसलेली बिस्किटं बुरशीने हिरवी पडलेली होती. कैदी तापाने मरत होते, आणि त्याच्या साक्षीनंतर थोडी सुधारणा झालीही. पण कायद्याची मुदत संपली तेव्हा ती वाढवली गेली. नंतर पुन्हा वाढवली गेली. 1787 मध्ये ऑस्ट्रेलियाकडे पहिला ताफा निघाला, त्यात याच जहाजांवरचे कैदी होते. त्यांच्या जागी लगेच दुसरे आले.

अमेरिकेच्या बाजूने पाहिलं तर हेच तंत्र आणखी भयंकर दिसतं. न्यूयॉर्कच्या वॉलअबाउट उपसागरात इंग्रजांनी अमेरिकन युद्धकैदी जहाजांवर कोंबले. ‘जर्सी’ या एकाच जुन्या युद्धनौकेवर कधीकधी हजाराहून जास्त माणसं असत. तिथल्या तुरुंगजहाजांवर अंदाजे साडेअकरा हजार कैदी मेले असं मानलं जातं. रणांगणावर पडलेल्यांपेक्षा हा आकडा मोठा आहे. ब्रुकलिनच्या फोर्ट ग्रीन उद्यानात त्यांचं स्मारक 1908 मध्ये उभं राहिलं.

मला सर्वात जास्त अस्वस्थ करते ती ‘युरायलस’. ट्रफाल्गरच्या लढाईत हे जहाज होतं. सेनापती नेल्सनच्या मृत्यूची बातमी देणारं पत्र त्याचा उपसेनापती कॉलिंगवुडने याच जहाजावरून लिहिलं. 1825 पासून चॅटमला त्यावर मुलं डांबली गेली. गुन्हे बहुतेक चोरीचे. दहा-बारा वर्षांची पोरं दिवसभर जहाजातच बसून कपडे शिवत, आणि मोठी मुलं धाकट्यांचं अन्न हिसकावून घेत. ज्या ‘बेलेरोफॉन’वर नेपोलियन 15 जुलै 1815 ला शरण आला, त्याचाही तुरुंग झाला. 1824 मध्ये त्याचं नाव बदलून ‘कॅप्टिव्हिटी’, म्हणजे चक्क ‘कैद’, ठेवलं. विजयाचे पोवाडे ज्यांच्या नावाने झाले, त्याच लाकडात देशाने आपली मुलं आणि गरीब माणसं कोंबली. इंग्रजी नौदलाच्या इतिहासाचं हे पानही तितक्याच मोठ्याने वाचलं जायला हवं.

बर्म्युडात 1824 पासून, जिब्राल्टरला 1842 पासून अशीच जहाजं उभी राहिली. तिथल्या नौदलाच्या गोद्या कैद्यांच्या घामावर बांधल्या गेल्या. इंग्लंडमध्ये ही व्यवस्था अखेर 1857 मध्ये संपली. ‘डिफेन्स’ हे वुलिचचं शेवटचं जहाज आगीत जळालं आणि त्यानंतर नवं आलं नाही. दोन वर्षांचा कायदा एक्क्याऐंशी वर्षं टिकला होता.

पण गरज पडली की सरकारला पाण्यातली जागा पुन्हा आठवते. 1971 मध्ये बेलफास्टच्या बंदरात ‘मेडस्टोन’ या जुन्या नौदल जहाजावर खटल्याविना पकडलेली माणसं ठेवली गेली. त्यातले सात जण जानेवारी 1972 मध्ये बर्फासारख्या पाण्यात पोहत निसटले. 1997 मध्ये तुरुंग भरले म्हणून पोर्टलंडला ‘वेअर’ हा तरंगता तुरुंग आणला, तो 2005 पर्यंत चालला. आणि 2023 मध्ये त्याच पोर्टलंडला ‘बिबी स्टॉकहोम’ या तरंगत्या वसतिगृहात आश्रय मागणाऱ्यांना ठेवलं गेलं. ते कैदी नव्हते. हॉटेलांचा खर्च वाचवायचा, असं कारण सरकारने दिलं. पहिली माणसं चढल्यावर काही दिवसांतच पाण्यात लिजिओनेला जिवाणू सापडले आणि सगळ्यांना उतरवावं लागलं. ऑक्टोबरमध्ये त्यांना पुन्हा तिथेच नेलं गेलं.