पाण्याखालचे पंख आणि त्यांची निगा

मुळा नदीच्या काठीं वसलेली राहुरी समुद्रापासून फार दूर आहे. कोंकणचा किनारा आणि ती यांच्यामध्यें सह्याद्रीची भिंत उभी आहे. तथापि बारागांव नांदूर येथें मुळेवर धरण झाल्यापासून २६ अब्ज घनफूट पाणी मावेल एवढा ज्ञानेश्वरसागर तिच्या शेजारीं आला. जेथें पाणी सांचतें तेथें होडी येते. आणि जेथें होडी येते तेथें तिच्या दुरुस्तीची विद्याही यावी लागते. ती न आली, तर होडी फार दिवस टिकत नाहीं.

जलक्रीडेच्या साधनांतील सर्वांत नवें अंग म्हणजे पाण्याखालचा पंख. त्यास हायड्रोफॉइल असें म्हणतात. आज तो बहुधा कार्बनाच्या तंतूंचा केलेला असतो. त्याची निगा ही विद्या नवी वाटते. परंतु तिचे मुख्य धडे जुन्या दर्यावर्दींनीं मोठी किंमत देऊन शिकून ठेवलेले आहेत.

या पंखाचें तत्त्व पक्ष्याच्या पंखाचेंच आहे. फरक इतकाच, कीं पाणी हवेपेक्षां सुमारें ८०० पट दाट असल्यामुळें हातभर पंखही माणसाला उचलूं शकतो. गति दुप्पट झाली कीं उचल चौपट होते; नौकेचें पोट पाण्याबाहेर येतें आणि पाण्याचा अडथळा एकदम कमी होतो. इटालींतील एन्रिको फोर्लानिनी यानें १९०६ सालीं मॅजोरे सरोवरावर अशी नौका ताशीं सुमारें ६८ किलोमीटर वेगानें चालवून दाखविली. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल हा १९११ सालीं तींत बसून आला, आणि घरीं परतल्यावर त्यानें व केसी बॉल्डविन यानें तोच ध्यास घेतला. कॅनडांतील ब्रा दोर सरोवरावर ९ सप्टेंबर १९१९ रोजीं त्यांच्या नौकेनें ताशीं ७०.८६ मैलांचा वेग गांठला. १९५३ सालीं त्याच मॅजोरे सरोवरावर पंखांच्या नौकेंतून उतारूंची ने-आण सुरू झाली.

हे पंख धातूचे होते व जड होते. खेळाडूनें काखेंत मारून न्यावा असा पंख होण्यास निराळा पदार्थ हवा होता. एडिसननें १८७९ सालीं सुताचा धागा जाळून दिव्यासाठीं कार्बनाची तार केली होती, पण ती ठिसूळ होती. १९५८ सालीं अमेरिकेंत रॉजर बेकन यानें अतिशय बळकट तंतु मिळविले. त्यानंतर लवकरच जपानांत अकिओ शिंदो यानें आणि इंग्लंडांत फार्नबरो येथील संशोधकांनीं कृत्रिम धाग्यापासून ते करण्याची रीत बसविली. असे तंतु एपॉक्सीच्या राळेंत भिजवून, थरावर थर बसवून पंख घडवितात. २०१३ सालच्या अमेरिका चषकाच्या शर्यतींत सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरावर ७२ फुटी नौका अशा पंखांवर उडाल्या. आणि २०२४ च्या ऑलिंपिकमध्यें मार्सेय येथें पतंगानें ओढलेल्या व शिडाच्या फळ्याही पंखांवरच धांवल्या.

आतां जुन्या धड्याकडे वळावें. १७६१ सालीं इंग्रजी आरमारानें ‘अलार्म’ नांवाच्या जहाजाच्या तळाला किड्यांपासून रक्षण म्हणून तांब्याचे पत्रे मारले. दोन वर्षांनीं पाहणी केली तेव्हां पत्रे अनेक ठिकाणीं सुटले होते, कारण त्यांना लागून असलेले लोखंडी खिळे खाऊन गेले होते. मात्र कांहीं ठिकाणीं पत्र्यांना गुंडाळलेला तपकिरी कागद चुकून तसाच राहिला होता. तेथील खिळे जवळजवळ जसेच्या तसे होते! खाऱ्या पाण्यांत दोन भिन्न धातु एकमेकांस टेकले, कीं त्यांपैकीं अधिक क्रियाशील धातु झिजतो, आणि मध्यें आडपडदा असला तर वांचतो, हा निसर्गाचा नियम त्या कागदानें शिकविला.

कार्बन हा धातु नव्हे, पण या बाबतींत तो तांब्यासारखाच वागतो. कार्बनाचा पंख ॲल्युमिनियमच्या दांड्याला न गंजणाऱ्या पोलादाच्या स्क्रूंनीं जोडून तसाच ठेवला, तर ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते व स्क्रू असे अडकतात कीं पुढें ते निघत नाहींत. म्हणून प्रत्येक खेळानंतर सांधे सोडवावे, गोड्या पाण्यानें धुवावे, कोरडे करावे, आणि जोडतांना स्क्रूंना घट्ट वंगण लावावें. हें वंगण म्हणजेच ‘अलार्म’ जहाजावरील कागद होय.

दुसरा धडा घरचाच आहे. कोंकणचा कोळी पावसाळ्यापूर्वीं होडी वाळूवर ओढून घेतो, तिच्या फटी पाहतो, त्यांत कापूस व राळ भरतो, आणि नारळी पौर्णिमेनंतर तिला पुन्हां पाण्यांत लोटतो. विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीच्या कांठीं मराठी आरमाराची सुमारें ३५५ फूट लांब व २२७ फूट रुंद गोदी खडक कोरून केलेली आहे. मुंबईस लवजी नसरवानजी वाडिया १७३६ सालीं आले, आणि १७५० सालीं तेथें कोरडी गोदी झाली. त्याच मुंबईंत सागवानाची बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ १८१७ सालीं पाण्यांत उतरली. ती इंग्लंडांत हार्टलपूल येथें अद्याप तरंगत आहे. उत्तम लांकडाइतकीच ठराविक वेळीं केलेली तपासणीही अशा दीर्घायुष्याला कारण असते.

कार्बनाला तर तपासणीची गरज अधिकच आहे. लांकूड कुजण्यापूर्वीं रंग बदलतें, लोखंड तांबूस होतें. कार्बन मात्र वरून चकाकत राहतो आणि आंतले थर सुटलेले असतात. भर वेगांत असा पंख मोडला, तर वर उभा असलेला माणूस त्याच्याच धारेवर पडण्याचा संभव असतो. म्हणून जाणता कारागीर नाण्यानें पंखावर हळूहळू ठोकत जातो. धडधाकट भागीं टणत्कार निघतो, सुटलेल्या भागीं आवाज बद्द येतो. कुंभाराचें मडकें घेणारी गृहिणी हीच परीक्षा करिते.

दोष सांपडल्यावर घाई करूं नये. आंत शिरलेलें पाणी पूर्ण सुकूं द्यावें; मग सुटलेला भाग घासून काढावा, व भोंवतालची कड पसरट उतरती करावी. उतार थराच्या जाडीच्या किमान १२ पट लांब असावा, म्हणजे नव्या तंतूंना जुन्यांचा आधार मिळतो. नवे थर जुन्यांच्याच दिशेनें बसवावे, राळ पुरी घट्ट होऊं द्यावी, आणि पाण्यांत भिजविलेल्या बारीक घासकागदानें मूळचा आकार आणावा. घासतांना तोंडाला मुखवटा असावा, कारण ही धूळ फुप्फुसांस अपायकारक आहे. पुढच्या धारेवरील लहान खांचही उपेक्षूं नये. तिच्यामुळें पाण्याचा प्रवाह विसकटतो. उन्हांत तापलेल्या मोटारींत पंख ठेवूं नये, कारण उष्णतेनें राळ मऊ पडते.

ज्ञानेश्वरसागराचें पाणी गोडें आहे, त्यामुळें तेथें क्षाराचें भय थोडें. परंतु दख्खनच्या जलाशयांचें भय निराळें असतें. पावसाळ्यांत भरलेलें पाणी उन्हाळ्यांत खालीं जातें, आणि बुडालेले बांध व काळे खडक पृष्ठभागाजवळ येतात. हातभर खोल चालणाऱ्या पंखाला त्यांचा एक धक्का पुरे. तो बसल्यावर वरून कांहींच न दिसणें हीच खरी भीति आहे. ज्याला नाण्याचा बद्द आवाज ओळखतां येतो, तो त्या दिवशीं पंख पाण्यांत उतरविणार नाहीं.