नोंदवहीतलं नाव आणि आतून लावलेली कडी

लॉजच्या खोलीत शिरल्यावर माणूस काय करतो? पिशवी खाटेवर टाकतो, दाराला आतून कडी लावतो, पंखा सुरू करतो, नळाला पाणी आहे का बघतो, हात-पाय धुतो आणि पाठ टेकतो. कर्जतला (रायगडातलं नव्हे, राशीन-सिद्धटेकचं कर्जत) शिबिरं आणि बैठकांसाठी मुक्काम पडतो तेव्हा आम्हीही हेच करतो. दहा मिनिटांचं काम. पण त्याआधी खाली टेबलावर एक नोंदवही असते आणि तिच्यात नाव-आडनाव लिहावं लागतं. आमचं म्हणणं असं की त्या दहा मिनिटांचा सगळा आराम त्या एका ओळीवर उभा आहे. हे ज्यांना अतिशयोक्ती वाटतं, त्यांच्यासाठी हा लेख.

‘अतिथी देवो भव’ ही आपली संस्कृती, असं ऐकवणारी मंडळी कमी नाहीत. आमचा त्यांना साधा प्रश्न आहे. अतिथी कोण, हे ठरवत कोण होतं? आपल्या जिल्ह्याला ज्यांचं नाव दिलं त्या अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव चौंडी आमच्या शेजारच्या जामखेड तालुक्यात आहे. त्यांनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, त्याबद्दल आम्हाला आदरच आहे. परंतु धर्मशाळा बांधणारा एक आणि तिच्या ओसरीवर कोण बसेल हे ठरवणारे दुसरे, अशी या देशाची रीत. तसं नसतं तर ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव कशाला लागला असता? सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने, कोर्ट-कचेऱ्या यांच्या बरोबरीने ‘धर्मशाळा’ हा शब्द त्या ठरावात आहे. महाडचा सत्याग्रह याच ठरावाच्या पायावर झाला. आपण चवदार तळ्याचं पाणी लक्षात ठेवलं, ते बरोबरच. पण त्याच यादीतली धर्मशाळा विसरलो. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्येच धर्मशाळांसह सार्वजनिक जागी विटाळ मानू नये असे हुकूम काढले होते. उघड्या दाराला कोणी हुकूम काढत नाही.

आणि यातली खरी मेख पुढे आहे. गावात पाहुणा साहेब आला की त्याचा मुक्काम लावायचा कोणी? महारांनी. ओझं डोक्यावर घेऊन पुढच्या गावापर्यंत पोचवायचं, सरपण आणायचं, घोड्याला वैरण घालायची, रात्रभर चावडीवर राखण करायची. ही वतनाची कामं होती. दुसऱ्याची झोप सुखाची व्हावी म्हणून जागणारा माणूस स्वतः बाहेर, अंगणात. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये महार वतनाचं विधेयक मांडलं आणि प्रत्यक्षात ही वतनं जायला १९५८ चा कायदा यावा लागला. म्हणजे आज ज्यांचे नातू कर्जतच्या स्टँडवर उतरून खोली मागतात, त्यांच्या आज्यांनी दुसऱ्यांचे बिस्तरे वाहिलेले आहेत. फार जुनी गोष्ट नाही ही.

आता बडोदा. सप्टेंबर १९१७. कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेला एक सव्वीस वर्षांचा तरुण संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला उतरतो. त्याच्यापुढे पहिला प्रश्न आहे: उतरायचं कुठं? हिंदूंच्या खाणावळी, ज्यांना तिथं विशी म्हणत, त्याला घेणार नाहीत हे त्याला ठाऊक आहे. मग एक पारशी धर्मशाळा. व्यवस्थापक वर नेऊन खोली दाखवतो, सामान चढतं, आणि मग कळतं की पाहुणा पारशी नाही. तोडगा निघतो: नोंदवहीत पारशी नाव लिहायचं, दिवसाला दीड रुपया द्यायचा. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी ही खोली वर्णिली आहे. छोटी निजायची खोली, न्हाणीघर, नळ. बाकीच्या मोठ्या दालनात मोडक्या खुर्च्या, फळ्या, अडगळ. रात्री मिणमिणता कंदील आणि वटवाघळं. पुस्तकात डोकं घालून ते मन रमवत.

अकराव्या दिवशी सकाळी जेवून, ग्रंथालयात परत करायची पुस्तकं घेऊन ते निघणार, तेवढ्यात काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले. आठवडाभराची मुदत मागितली, मिळाली नाही. संध्याकाळच्या आत खोली खाली करायची. दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. शेवटी बागेत बसून त्यांनी रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट पाहिली. आज आपण त्या बागेला संकल्पभूमी म्हणतो आणि २३ सप्टेंबरला तिथं जातो. संकल्पाबद्दल खूप बोललं जातं. त्या अकरा दिवसांबद्दल कमी. आम्हाला ते अकरा दिवस जास्त बोलके वाटतात. खोली होती, नळ होता, भाडं चुकतं केलं जात होतं. पण जिन्यावर पाऊल वाजलं की छातीत काय होत असेल? खोट्या नावावर मिळालेल्या खोलीत माणूस राहतो, उतरत नाही.

अमेरिकेतल्या काळ्या माणसांचीही हीच गत होती. न्यूयॉर्कचा पोस्टमन व्हिक्टर ग्रीन याने १९३६ पासून ‘ग्रीन बुक’ छापलं. कोणत्या गावात कोणत्या ठिकाणी काळ्या प्रवाशाला खोली मिळेल, याची ती यादी. आमच्याकडे असं छापील पुस्तक नव्हतं, तोंडी होतं: गावाला गेलास की वाड्यात अमक्याकडे उतर, लांबचे पाव्हणे लागतात. नातं नसलं तरी जोडलं जाई. आपल्या माणसांचा पाहुणचार मोठा होता यात शंका नाही, पण काही लेखक त्याचं फार कौतुक करतात तेव्हा आम्हाला खटकतं. ज्याला दुसरं दारच नाही, त्याच्यासाठी तो एकमेव दरवाजा होता.

कायद्यात मात्र आपण पुढे होतो. तिकडे नागरी हक्कांचा कायदा १९६४ चा. अटलांटातल्या २१६ खोल्यांच्या मोटेलाने त्याला आव्हान दिलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयात ते हरलं. आपलं संविधान कलम १५ मध्ये दुकानं आणि उपाहारगृहांबरोबर हॉटेलांचं नाव घेतं, आणि १९५५ चा अस्पृश्यता कायदा (१९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा) ‘हॉटेल’ या शब्दात लॉज, खाणावळ, कॉफी हाऊस सगळं धरतो. धर्मशाळा, सराई, मुसाफिरखान्यातली भांडी वापरू न देणं हासुद्धा त्यात गुन्हा आहे.

मग अडतं कुठं? तर ‘रूम फुल आहेत’ या तीन शब्दांत. आता जात कोणी विचारत नाही; आधारकार्ड मागतात, आडनाव वाचतात. आमच्यातल्या एकाला एका गावी असंच परत पाठवलं आणि मागोमाग आलेल्या दुसऱ्याला किल्ली मिळाली. हे सिद्ध कसं करायचं? त्यासाठीच या कायद्यात कलम १२ आहे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरून झालं असं न्यायालय गृहीत धरेल. तसं नव्हतं हे समोरच्याने सिद्ध करायचं. मात्र बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला १९९० मध्ये. म्हणजे १९५६ ला बाबासाहेबांबरोबर धम्म स्वीकारणाऱ्यांना कायद्याचं हे सर्वांत उपयोगी कलम चौतीस वर्षं केंद्राच्या यादीप्रमाणे लागूच नव्हतं. बडोद्यातल्या त्या खोलीतून हाकलल्या गेलेल्या माणसाचे अनुयायी म्हणून जे उभे राहिले, नेमके तेच या तरतुदीबाहेर.

कर्जतच्या आमच्या शिबिरांना खेड्यांतून बाया येतात. दिवस कितीही लांबला तरी रात्रीच्या मिळेल त्या एसटीने घरी जायची त्यांची घाई असते. खर्चात खोलीची तरतूद आहे, सांगूनही थांबत नाहीत. मुलं, जनावरं, नवऱ्याचं जेवण ही कारणं खरीच. पण एकीने विचारलं, “तिथं नाव लिहावं लागतं का हो?” म्हणून आता आम्ही शिबिराच्या पहिल्या सत्रात कलम ४ आणि कलम १२ मोठ्याने वाचतो आणि मुक्कामाला त्यांच्याबरोबर टेबलापर्यंत जातो. नाव त्या स्वतः लिहितात, पूर्ण, आडनावासकट.